ऐंशी वाक्यांचं गाव

माझी आत्या नाशिकच्या जिल्हा न्यायालयाबाहेर टायपिस्ट होती. सीबीएस बसस्थानकाजवळच्या भिंतीलगत टेबल-खुर्ची मांडून बसणाऱ्या सात-आठ जणांत ती एकटी बाई होती. तिथला गोंगाट ऐकू न येणारीही ती एकटीच. तिसऱ्या वर्षी तापात तिचे दोन्ही कान गेले, आणि बोलणं नीट यायच्या आतच गेले म्हणून बोलणंही राहून गेलं. घरात ती आमच्या ओठांकडे बघून थोडं समजून घ्यायची, हातांनी थोडं सांगायची. महत्त्वाचं काही असलं की कागदावर लिहायची.

वकिलांचे कारकून हाताने लिहिलेले मसुदे आणून द्यायचे, ती ते मराठीत किंवा इंग्रजीत टाइप करून द्यायची. चुका जवळजवळ नसत. शाळेला सुट्टी असली की मी तिचा डबा घेऊन जायची आणि तिच्या स्टुलावर बसून राहायची. एकदा नामपूरकडचा एक म्हातारा तिच्या पाठीमागे उभा राहून अहिराणीत विचारत होता, "बाई, मना कागद तयार शे का?" ती वळेना, तसा त्याचा आवाज चढत गेला. शेजारचा टायपिस्ट म्हणाला, "बाबा, त्यांना ऐकू येत नाही. समोर जाऊन उभे राहा." म्हातारा समोर गेला. तिथे त्याने आवाज पार खाली आणला आणि नुसते ओठ हलवून तोच प्रश्न विचारला. आत्याने कागद पुढे केला. ती त्याच्याकडे बघून हसली. कोर्टात ती हसायची. घरी कमी.

मी इंग्रजी शाळेत होते. शाळेच्या प्रार्थनेत मी फक्त ओठ हलवायची, आवाज काढायची नाही, आणि दहा वर्षांत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तोंडी परीक्षेच्या दिवशी मला ताप यायचा. लिहिलेलं मराठी मी पाठ्यपुस्तकापेक्षा आत्याच्या मसुद्यांतूनच जास्त शिकले. आई वैतागून म्हणायची, "एकीला बोलता येत नाही म्हणून ती बोलत नाही. दुसरीला येतं, तरी ती बोलत नाही. मी काय भिंतींशी बोलू?" आणि मग आत्याकडे वळून, ओठ स्पष्ट हलवत, "तुम्हाला नाही म्हणत हो वन्सं."

नव्वदचं दशक संपता संपता कोर्टाबाहेरच्या टेबलांवर कॉम्प्युटर आले. आत्या कॉम्प्युटर सहज शिकली असती. पण कॉम्प्युटरवर टायपिंग करून देणाऱ्या दुकानवाल्यांना गिऱ्हाइकांशी बोलणारं, फोन उचलणारं माणूस हवं होतं. भिंतीलगतची टेबलं एकेक करून उठली. आत्याने तिचा टाइपरायटर रिक्षाने घरी आणला, त्यावर स्वतः शिवलेलं निळं कव्हर घातलं आणि तो माझ्या खोलीतल्या खिडकीखाली ठेवला. त्यानंतर टीव्हीसमोर बसली असताना तिची बोटं मांडीवर चालत राहायची. बघितलं की कळायचं, ती टाइप करते आहे. काय ते कळायचं नाही.

माझ्या कॉलेजसाठी घरी कॉम्प्युटर आला, तो त्याच खिडकीजवळ. काही महिन्यांनी शेजारच्या गच्चीवरून केबलवाल्याने इंटरनेटची वायर ओढून दिली. एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवर एक खेळ होता. खेळ म्हणजे एक बेट होतं, त्यावर एक गाव, आणि त्या गावात जगभरातली माणसं एकाच वेळी फिरत असायची. प्रत्येकाला एक देह मिळायचा. कुणी शिकार करायचं, कुणी कातडी कमवायचं, कुणी होड्या बांधायचं. जवळ उभ्या असलेल्या माणसाला काही सांगायचं असेल तर टाइप करायचं. ते शब्द तुमच्या डोक्यावर उमटायचे.

मी दोन दिवस खेळले. तिसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तेव्हा माझ्या खुर्चीवर आत्या बसली होती. तिने करड्या झग्यातली एक बाई निवडली होती. ती बाई बाजाराजवळच्या लाकडी पुलावर उभी होती आणि तिच्यासमोर एक माणूस होता. आत्या टाइप करत होती, टाइपरायटरवर करायची तशीच, पाठ ताठ, स्क्रीनकडे बघत आणि बोटांकडे न बघता.

तिला इंग्रजी यायचं ते कोर्टाचं. वीस वर्षं टाइप करताना ड्रॉवरमधल्या शब्दकोशाच्या मदतीने ती शिकली होती, आणि तिला इंग्रजीत दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने बोलतात हे माहीतच नव्हतं. म्हणून त्या पुलावर ती जे बोलत होती ते मराठीत सांगायचं तर असं होतं: "मी खाली सही करणार सत्य प्रतिज्ञेवर कथन करते की, सदर नदी ओलांडताना सदर अस्वलाने माझ्यावर विनाकारण हल्ला केला. सबब आपण सावध राहावे, ही नम्र विनंती."

वाटलं, आता हा माणूस हसेल. पण त्याने गुडघा टेकून नमस्कार केला.

त्या बेटावर मुद्दाम जुन्या काळच्या थाटात बोलणारे बरेच जण होते. त्यांना वाटलं, ही कुणीतरी खानदानी बाई आहे. आणि ते सोंग ती कधीच सोडत नाही, याचं त्यांना फार कौतुक वाटायचं. महिन्याभरात लोक तिला शोधत पुलावर येऊ लागले. हरणाचं कातडं कुणाचं, ठरलेली मदत कुणी केली नाही, अशा भांडणांचा निवाडा तिच्याकडे यायचा. ती दोघांना लिहायला लावायची, मग थोडा वेळ जायचा, आणि तिच्या डोक्यावर अक्षरं उमटायची: "दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घेतले." मी तिच्या मागे चहाचा कप घेऊन उभी असायची. आयुष्यात तिने काही ऐकून घेतलं होतं ते तिथेच.

कातडी कमावणारा एक माणूस रोज यायचा. तो कुठल्या देशाचा होता ते आम्हाला कधी कळलं नाही. आत्याने विचारलं नाही. "पक्षकाराचा खाजगी विषय," असं तिने मला कागदावर लिहून दिलं.

असं रोज चालायचं. दुपारी चार ते सहा. त्या वेळात तिला कुणी उठवत नसे. आईसुद्धा पाहुण्यांना सांगायची, "वन्सं ऑफिसात आहेत."

शिक्षण संपल्यावर मला कॉलेज रोडवरच्या एका लहान कंपनीत काम मिळालं. एका दातांच्या दवाखान्यावर दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या. परदेशातल्या कंपन्यांच्या खेळांची तपासणी आम्ही करायचो: खेळायचं, चूक सापडली की तिची नोंद करायची. प्रत्येक नोंदीत ठरलेले रकाने असायचे. काय करताना झालं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, किती गंभीर आहे. मला ते काम आवडलं, कारण त्यात तोंड उघडावं लागत नव्हतं. आमचे सर रोज इगतपुरीहून रेल्वेने ये-जा करायचे. पावसाळ्याचे चार महिने त्यांची छत्री ऑफिसच्या कोपऱ्यात उघडीच असायची, कधी वाळलेली मी पाहिली नाही.

पहिल्या दिवशी आमच्याकडून एका कागदावर सही घेतली होती की कामाबद्दल बाहेर, घरीसुद्धा, काही बोलणार नाही. माझ्याइतकी सोपी सही कुणालाच गेली नसेल.

दीड वर्षाने नवीन काम आलं. सरांनी टीव्ही लावला, त्याखाली खेळाचं यंत्र ठेवलं, पडद्यावर एक लाकडी पूल उमटला. मी ओळखला.

मूळ कंपनीने ठरवलं होतं की कॉम्प्युटरवरचं ते बेट आता घरोघरच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर आणायचं. यंत्र लहान, त्याची स्मरणशक्ती लहान. त्यामुळे बाजारात जिथे शंभर माणसं उभी राहायची तिथे आता चाळीसच मावणार होती. मागचे डोंगर काढून टाकले होते. अक्षरं मोठी केली होती, कारण टीव्ही लोक लांबून बघतात. आणि हातात धरायच्या रिमोटसारख्या खेळण्यावर कीबोर्ड नव्हता, म्हणून बोलण्याची सोय बदलली होती: ज्याला बोलायचं त्याने कानाला माइकवाला हेडफोन लावायचा, आणि ज्याला नाही त्याने तयार वाक्यांतून एक निवडायचं. यंत्रावरचं बेट सुरू व्हायच्या आधी कॉम्प्युटरवरचं बंद होणार होतं.

"तयार वाक्यं तुला करायचीत," सर मला म्हणाले. "लोक काय काय टाइप करतात त्याच्या फाइली पाठवल्यात त्यांनी, नावं काढून. त्यातली जास्त वापरातली निवड. ऐंशी बसतील. बोलत नाहीस, पण वाचतेस बरं तू."

मी तीन आठवडे त्या फाइली वाचल्या. हजारो ओळी. नमस्कार. थांबा. माझ्या मागे या. धन्यवाद. पळा. आणि मधेच एखादी ओळ: "सदर कोल्हा मृत झाल्याचे निदर्शनास आले." नाव नसलं तरी ती ओळ कुणाची हे नाशिकमधल्या त्या दातांच्या दवाखान्याच्या वर बसलेल्या एका मुलीला कळत होतं. ते वाक्य यादीत बसणारं नव्हतं. ते एकदाच म्हटलं गेलं होतं. मी ते सोडलं आणि पुढे गेले. ऐंशी वाक्यांची यादी करून मी दिली. ती मंजूर झाली. सर म्हणाले, "छान. नेमकी केलीस."

मी घरी काही सांगितलं नाही. चार वाजता आत्या पुलावर जायची, सहाला उठायची. बंद व्हायला चार महिने होते, मग तीन झाले. मी ऑफिसातून आले की ती दिवसभराचे निवाडे मला हातांनी सांगायची आणि मी मान हलवायची. सही केली होती म्हणून मी गप्प आहे असं मी स्वतःला सांगत होते. पण सही नसती तरी मी गप्पच राहिले असते, हे मला माहीत होतं.

शेवटी एका रविवारी मी ती यादी तिच्यासमोर ठेवली. ओठ हलवून सांगायचं धैर्य नव्हतं, म्हणून खाली चार ओळींत सगळं लिहिलं.

आत्याने चष्मा लावला. मसुदा तपासायची तिची एक पद्धत होती: डाव्या हाताने पट्टी एकेका ओळीखाली सरकवायची, उजव्या हातात लाल पेन. ऐंशी ओळींतून पट्टी खाली आली. कुठेच लाल खूण झाली नाही. मग तिने शेवटी लिहिलं, "मसुदा अपुरा. यात कारण कुठे सांगायचे?"

मी बघितलं. खरंच, ऐंशी वाक्यांत 'का' नव्हतं, 'कारण' नव्हतं. 'या', 'जा', 'थांबा', 'द्या' होतं. लोक ते शब्द कमी वेळा वापरत असणार, म्हणून ते माझ्याकडून गळले.

मग तिने माझ्या चार ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. पट्टी तिथेच राहिली. तिचा चेहरा मी बघितला नाही. मी पट्टीवरचे सेंटिमीटरचे आकडे बघत होते.

ती उठली आणि निळं कव्हर काढलं.

तीन कागद, मधे दोन कार्बन. वरचा कागद मला अजून तोंडपाठ आहे. इंग्रजीत होता, अर्थ असा: "विषय: टंकलेखनाची सोय बंद न करणेबाबत. महोदय, अर्जदार ही वर नमूद गावी गेली तीन वर्षे वास्तव्यास असून, तेथे तिच्या नावावर कोणतीही तक्रार नाही. अर्जदार लहानपणापासून बहिरी आहे. अर्जदारास सदर गावाखेरीज अन्यत्र बोलण्याची जागा नाही. आवाजाची सोय अर्जदाराच्या उपयोगाची नाही, व तयार वाक्ये अपुरी आहेत. सबब विनंती की, कीबोर्ड जोडण्याची मुभा असावी. याकामी अर्जदार आपली ऋणी राहील." खाली सही. सहीजवळ तिने ड्रॉवरमधला एक जुना कोर्ट फी स्टॅम्प डकवला, कारण तिच्या लेखी स्टॅम्पाशिवाय अर्ज कुणी हातात धरत नाही.

पहिली प्रत तिने माझ्या हातात दिली, दुसरी पोच घेण्यासाठी, तिसरी स्वतःच्या फाइलला लावली.

अकरा दिवस तो अर्ज माझ्या पर्समध्ये होता. मी रोज तो ऑफिसात नेला आणि रोज परत आणला. संध्याकाळी आत्या पोच मागायला हात पुढे करायची आणि मी नकारार्थी मान हलवायची. बाराव्या दिवशी तिने हात पुढे केला नाही. ती चार वाजता कॉम्प्युटरजवळही गेली नव्हती, असं आईने सांगितलं. "वन्सं आज ऑफिसला गेल्या नाहीत. बरं नाही का त्यांना?"

दुसऱ्या दिवशी मी एक नोंद केली. काय करताना झालं: ऐकू न येणारी व्यक्ती पुलावर उभी आहे. काय व्हायला हवं होतं: तिला समोरच्याशी बोलता यावं. प्रत्यक्षात काय झालं: बोलता येत नाही. किती गंभीर: मी सर्वांत वरचा पर्याय निवडला, जो आम्ही यंत्र बंद पडलं तरच निवडायचो. अर्ज स्कॅन करून सोबत जोडला.

दहा मिनिटांत सर माझ्या टेबलाशी आले. प्रिंट त्यांच्या हातात होता.

"हे काय आहे? कुणी कोर्टात खेचलं का आपल्याला?"

मी पर्समधला मूळ अर्ज काढून त्यांच्यासमोर ठेवला.

"ही अर्जदार कोण?"

"आत्या," मी म्हणाले.

"म्हणजे घरी सांगितलंस."

मी मान खाली घातली. शेजारच्या मुलाने हळूच म्हटलं, "सर, स्टॅम्प पण लावलाय. ओरिजिनल आहे." कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी अर्ज पहिल्यापासून वाचला. मग म्हणाले, "तीन वर्षांत एक तक्रार नाही. आपल्या सोसायटीत असं एक माणूस दाखव मला." थोड्या वेळाने: "नियमाने मी तुला घरी पाठवायला पाहिजे. कळतंय ना?"

"हो सर."

"आणि हे काढून टाकायला पाहिजे." ते उठले. "नोंद क्रमांक पडलाय पण. आपल्याकडे क्रमांक पडला की काढत नाहीत." त्यांनी ती नोंद तशीच पुढे पाठवली.

तिकडे काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. त्या लोकांनी स्टॅम्प पाहिला, अशोकस्तंभ पाहिला, इंग्रजीतलं 'अर्जदार' आणि 'सबब' पाहिलं, आणि त्यांना वाटलं ही भारतातल्या न्यायालयाची नोटीस आहे. त्यांनी तो कागद त्यांच्या वकिलांकडे दिला. तीन आठवड्यांनी पाच ओळींचं उत्तर आलं, वकिलांच्याच भाषेत: अर्जदाराच्या म्हणण्याची नोंद घेतली असून यंत्रास कीबोर्ड जोडता येईल अशी तजवीज करण्यात येत आहे, ज्यांच्याकडे कीबोर्ड नसेल त्यांना पडद्यावरच्या अक्षरांवर बाण नेऊन लिहिता येईल. सर ते मोठ्याने वाचून दाखवताना दोनदा थांबले. "अगं, घाबरले ते," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "पोच दे तिला."

आत्याने ते उत्तर वाचलं, तारीख तपासली आणि तिसऱ्या प्रतीला टाचणीने लावलं. तिला नवल वाटलं नाही. अर्ज केला की उत्तर येतं, अशी तिची समजूत होती, आणि ती आयुष्यात पहिल्यांदाच खरी ठरली होती.

इथे हे संपायला हवं होतं.

कॉम्प्युटरवरचं बेट एका मंगळवारी बंद झालं. आधीच्या दिवशी आत्याने पुलावर सर्वांना नव्या पत्त्यावर हजर राहण्याची सूचना दिली. नवं बेट तीन आठवड्यांनी उघडलं. सरांनी तपासणीतलं एक जुनं यंत्र महिन्याभरासाठी घरी न्यायला दिलं. मी त्याला कीबोर्ड जोडला, इंटरनेटची वायर माझ्या खोलीतून हॉलपर्यंत भिंतीच्या कडेने आणली.

हॉल हेच मला नको होतं. टीव्ही हॉलमध्ये होता, दाराच्या समोर. खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर आत्या कुणाला दिसत नसे. आता ती दिवाणावर, मांडीवर पाट आणि पाटावर कीबोर्ड घेऊन, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसली होती. बाबा खुर्चीत पेपर घेऊन होते, आई मेथी निवडत होती. आत्या नवी साडी नेसली होती.

पडद्यावर पूल आला. मागे डोंगर नव्हते. पुलावर पंधरा-वीस माणसं होती. करड्या झग्यातली बाई चालत मधोमध आली आणि आत्याने टाइप केलं: "उपस्थित सर्वांस नमस्कार. कामकाज सुरू करण्यास हरकत नाही."

कुणी वळलं नाही.

अक्षरं आता डोक्यावर उमटत नव्हती. पडद्याच्या तळाशी एका पट्टीत यायची आणि सहा सेकंदांनी जायची. ते सहा सेकंद मीच मोजले होते आणि योग्य म्हणून नोंदवले होते. आत्याने पुन्हा टाइप केलं. पुन्हा गेलं. तिथली माणसं एकमेकांकडे तोंड करून उभी होती आणि प्रत्येकाच्या खांद्यावर एक लहान हिरवा दिवा लुकलुकत होता. तो लागला म्हणजे माणूस माइकवर बोलतो आहे. सगळे बोलत होते. जिथे बोलता येतं तिथे वाचतं कोण?

आत्याने माझ्याकडे बघून दिव्यांकडे बोट केलं. मी यंत्राबरोबर आलेला हेडफोन कानाला लावला. ऐकू येत होतं ते मी कागदावर लिहून तिला देऊ लागले. कुणाचं कुत्रं भुंकत होतं, कुणी जेवायला काय आहे ते सांगत होतं. मी तेही लिहिलं. तिने ते कागद वाचून बाजूला ठेवले.

मग कातडी कमावणारा माणूस आला. त्याचा तपकिरी अंगरखा आम्ही दोघींनी ओळखला. तो तिच्यासमोर उभा राहिला, दिवा लुकलुकला. त्याचा आवाज माझ्या कल्पनेपेक्षा तरुण होता. तो काहीतरी विचारत होता, पुन्हा पुन्हा. आत्या टाइप करत होती, तिची उत्तरं खालच्या पट्टीत येऊन जात होती आणि तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. मागून दुसरा कुणी हसून म्हणाला की, बाईंना आता उत्तर द्यायचीही लाज वाटते, नव्या गावात आल्यावर भाव वाढलाय त्यांचा. तिसरा म्हणाला, सोडा तिला, चला.

मी लिहिलं. लिहिताना वाटलं, शेवटचं वगळावं. पण मसुद्यातलं वाक्य गाळायचं नाही, हे मी तिच्याकडूनच शिकले होते. तो नियम मी एकदा मोडला होता, ऐंशी वाक्यांच्या वेळी.

तिने वाचलं. तिचे हात कीबोर्डवरून उठले आणि पाटाच्या कडेला येऊन थांबले. बोटं हलत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. काही मागत नव्हती. फक्त बघत होती, कोर्टाबाहेर तो म्हातारा तिच्या पाठीमागे ओरडत असताना शेजारच्या टायपिस्टने सांगितलं तसं, आत्ता कुणी सांगणार आहे का, हे बघत असावी.

बोलण्यासाठी एक बटण दाबून धरावं लागायचं. मी ते दाबलं. बाबांनी पेपर खाली घेतला, आईचे हात मेथीवर थांबले. माझ्या कानात माझाच श्वास मोठ्याने येत होता. शाळेतल्या तोंडी परीक्षेचा तो लाकडी फळा, ती खुर्ची, सगळं समोर आलं. मी म्हणाले, इंग्रजीतच, आणि आवाज फाटला:

"थांबा. तिला ऐकू येत नाही. कधीच येत नव्हतं. कृपा करून लिहा."

पुलावरचे दिवे एकेक करून विझले. काही जण निघून गेले. मघाशी हसलेला त्यांत पहिला होता. कातडीवाला तिथेच उभा राहिला. बराच वेळ काही झालं नाही. मग तळाच्या पट्टीत एक अक्षर आलं, थांबून दुसरं. त्याच्याकडे कीबोर्ड नव्हता, तो पडद्यावरच्या अक्षरांवर बाण नेत होता. एक ओळ लिहायला त्याला तीन-चार मिनिटं लागली. ती ओळ तिच्याच भाषेत होती: "पक्षकार हजर आहे."

आत्याने उत्तर टाइप केलं. मी ते वाचलं नाही, उठून पाणी प्यायला गेले. स्वयंपाकघरात आई मागोमाग आली, माझ्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "बाई गं." एवढंच.

सरांनी ते यंत्र परत मागितलं नाही. त्यानंतर रविवारी चार-पाच जण लिहायला यायचे. कधी दोनच. पूर्वीसारखी गर्दी पुलावर पुन्हा झाली नाही, आणि दीड-दोन वर्षांनी ते बेटही बंद पडलं. त्या वेळी आत्याने अर्ज केला नाही.

पण त्या पहिल्या संध्याकाळी, यंत्र बंद केल्यावर, तिने मला जवळ बसवलं आणि हाताने विचारलं, तू काय बोललीस? सगळ्यांनी ऐकलं होतं, ज्यांना आम्ही ओळखत नव्हतो त्यांनीसुद्धा. तिनेच नव्हतं.

मी कागदावर लिहून दिलं. चार लहान वाक्यं.

तिने पट्टी ठेवली, लाल पेन उघडलं. 'तिला' खोडून वर 'अर्जदारास' लिहिलं. 'थांबा'ला हात लावला नाही. खाली तारीख घातली. मग तिने कागद माझ्याकडे फिरवला आणि तळाच्या उजव्या कोपऱ्यात, मोकळ्या जागी, बोट ठेवलं.

मी सही केली.